तिसऱ्या फेजचा साक्षीदार : करंट सेन्सरच्या दोषनिदानाच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

आंबेगावच्या शेडमध्ये आज एक मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकी आली. मार्केट यार्डातून भाजी उचलून कात्रज, नऱ्हे, धायरीकडे पोचवते. वॉरंटी संपलेली. मालक काकांनी तक्रार अगदी नेमकी सांगितली : "रिकामी झकास पळते. माल भरला आणि चढ लागला की थरथरते. जितकी हळू चालवू तितकी जास्त. सपाटीला वेग घेतला की गप्प."

दोन ठिकाणी दाखवून झाली आहे. एकीकडे थ्रॉटल बदललं, काही फरक नाही. दुसरीकडे मोटर बदलायला सांगितली. मोटर बदलायची तर काकांचे दोन-तीन महिन्यांचे हप्ते अडकणार, म्हणून आमच्याकडे आले.

गाडीची माहिती : ५१.२ व्होल्टची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, कायमचुंबकी तीन फेज मोटर, चार ध्रुवजोड्या (म्हणजे मोटरच्या एका फेऱ्यात करंटच्या चार लाटा), मागच्या धुरीला साधारण १० पट गिअर. मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या कंट्रोलरमधून पिवळी, हिरवी, निळी अशा तीन जाड केबल मोटरला जातात, एकेका फेजची एकेक. सर्व्हिस सॉफ्टवेअर जोडलं. एरर कोड एकही नाही. गाडी जॅकवर घेऊन चाकं फिरवली, फेज करंटचा आलेख पाहिला. तीन सुबक लाटा, तिन्हींची उंची सारखी, मधलं अंतर सारखं. इतका स्वच्छ आलेख पाहूनच मागच्या कारागिरांनी कंट्रोलरला निर्दोष ठरवलं असणार आणि संशय मोटरवर गेला असणार.

माझा संशय मात्र करंट सेन्सरवर आहे, म्हणजे फेजमधला करंट मोजून कंट्रोलरला सांगणाऱ्या भागावर. या प्रकारच्या तक्रारींची पद्धतशीर नोंद ठेवायची हे बरेच दिवस मनात होतं. ती याच गाडीपासून सुरू करतो.

१७ जून

आधी मोटरची बाजू निकालात काढायची. बॅटरीचा प्लग काढला, कंट्रोलरमधले कपॅसिटर बल्ब लावून रिकामे केले, मल्टिमीटरने खात्री केली आणि मगच थिंबलला (केबलच्या टोकाच्या कडीला) पाना लावला. ५० व्होल्टला झटका फारसा बसत नाही, पण अंगठी किंवा पाना दोन टोकांत अडकला तर भाजतं ते हाडापर्यंत. शेडमधल्या पोरांना अंगठ्या, कडी काढूनच हात लावायला सांगितलं आहे.

तिन्ही फेज कंट्रोलरपासून सोडवल्या. वायंडिंगचा, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेढ्यांचा रोध दहा-बारा मिलिओमच्या घरात असतो. तिथे साध्या मल्टिमीटरचं काम नाही, कारण त्याच्या प्रोबचाच रोध त्याहून जास्त. चार तारांच्या पद्धतीने मोजलं. पिवळी-हिरवी, हिरवी-निळी, निळी-पिवळी या तीनही जोड्या एकमेकींच्या एक टक्क्याच्या आत. मेगर लावून वायंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन पाहिलं, तेही उत्तम.

मग बॅक ईएमएफ, म्हणजे फिरवल्यावर मोटर स्वतः तयार करते ते व्होल्टेज. एक मागचं चाक घट्ट धरलं, दुसरं एकसारखं फिरवलं आणि स्कोपवर (लाटा दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज पाहिलं. उंची सारखी, आकार सारखा. एखाद्या फेजचे वेढे आतल्या आत शॉर्ट असते किंवा चुंबक मंदावला असता तर इथे काहीतरी वाकडं दिसलं असतं. वायंडिंगवाले काका चहाला आले होते. त्यांनीही आलेख पाहिला आणि म्हणाले, "हिला उघडू नका. ही मोटर अजून वर्षानुवर्षं जाईल."

१८ जून

जुन्या कात्रज घाटाच्या चढावर चाचणी. हौद्यात वाळूच्या गोण्या टाकल्या. मोबाइल मोटरच्या बॉडीवर पट्ट्याने आवळून बसवला आणि त्यातल्या कंपनमापकाने नोंद घेतली. या मोबाइलवर सेकंदाला ४०० नमुने मिळतात, एवढ्याने काम भागतं.

हिशेब असा. चाकाचा घेर साधारण १.६ मीटर. ताशी ३ किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला अर्ध्याहून किंचित जास्त फेरा करतं, मोटर त्याच्या दहापट म्हणजे ५.२ फेरे. चार ध्रुवजोड्यांमुळे विद्युत वारंवारता सुमारे २१ हर्ट्झ. कंपनाच्या आलेखात सगळ्यात उंच शिखर आलं ४२ हर्ट्झला, म्हणजे विद्युत वारंवारतेच्या बरोबर दुप्पट. वेग ताशी ६ केला तर शिखर ८३ ला गेलं. वेगाबरोबर सरकतंय, म्हणजे बॉडीचा किंवा पाट्याचा स्वतःचा खडखडाट नाही. चावी बंद करून गाडी उतारावर सोडली तर शिखर गायब. म्हणजे गिअर किंवा बेअरिंगही नाही. करंट वाहतो तेव्हाच ते दिसतं.

हे शिखर कुठे येतं त्यावर बरंच काही ठरतं, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. सेन्सरचं शून्य सरकलेलं असेल, म्हणजे करंट नसतानाही तो ५-१० अँपिअर दाखवत असेल, तर टॉर्कमधला धक्का विद्युत वारंवारतेइतक्याच वारंवारतेने येतो. सेन्सरचा गेन बिघडला असेल, म्हणजे १०० अँपिअरला तो ८५ म्हणत असेल, तर धक्का दुप्पट वारंवारतेने येतो. सहापट वारंवारतेचं बारीक शिखर बहुतेक गाड्यांत असतंच. ते स्विचिंगमधल्या डेड टाइममुळे (दोन स्विच एकदम चालू होऊ नयेत म्हणून ठेवलेल्या क्षणभराच्या विरामामुळे) आणि मोटरच्या घडणीमुळे येतं, त्याच्या मागे लागू नये.

आपल्याला दुप्पट मिळाली आहे. गेनचा दोष असावा.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात मुक्कामाला. गावातले रस्ते बंद, काका वारकऱ्यांच्या भोजनाच्या सेवेत. गाडी शेडमध्येच. त्या निवांतपणात कागद-पेन घेऊन बसलो. सॉफ्टवेअरमधला आलेख इतका स्वच्छ का दिसतो, हे शिकायला येणाऱ्या आयटीआयच्या मुलालाही नीट समजावून सांगायचं होतं.

या कंट्रोलरमध्ये सेन्सर दोनच आहेत, पिवळ्या आणि हिरव्या फेजवर. निळ्याचा करंट मोजलाच जात नाही. तीन फेज आत स्टारमध्ये जोडलेल्या, मधला बिंदू बाहेर काढलेला नाही, म्हणून तिन्हींची बेरीज कायम शून्य. दोन माहीत असले की तिसरा वजाबाकीने काढता येतो. एक सेन्सर वाचतो, म्हणून दोनचाकी-तीनचाकींच्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये हीच रचना असते. तोटा असा की बेरीज शून्य येते का, ही तपासणीच निकालात निघते. तिसरा आकडा पहिल्या दोघांतूनच काढलाय, मग बेरीज शून्यच येणार. सेन्सर खरं सांगो वा खोटं.

आता गाभ्याची गोष्ट. कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा करंट वाचतो, हवा तेवढा आहे का पाहतो आणि फरक असेल तर व्होल्टेज हलवतो. म्हणजे तो वाचलेला करंट सरळ करतो, खरा नाही. समजा, हिरव्या सेन्सरने १५ टक्के कमी सांगितलं, की कंट्रोलर म्हणतो, हिरव्यात करंट कमी पडतोय, आणि आणखी ढकलतो. वाचन समान होईपर्यंत ढकलत राहतो. वाचन समान झालं की आलेख सुंदर दिसतो आणि खऱ्या केबलमध्ये असमतोल बसलेला असतो. दुकानदार प्रामाणिक असला तरी तराजूचं एक पारडं जड असेल तर गिऱ्हाईकाला माल चुकीचाच मिळतो, आणि दुकानदाराच्या वहीत सगळं बरोबर लिहिलेलं असतं.

हिरव्याचा गेन ०.८५ धरून खरे करंट काढले. पिवळी १ असेल तर हिरवी १.१८. निळी या दोघींच्या सदिश बेरजेच्या उलट, तिचा आकडा येतो १.१०. ज्या फेजला सेन्सरच नाही तीसुद्धा बिघडलेली दिसते. टॉर्कमधला चढउतार सरासरीच्या सुमारे १० टक्के. भरलेल्या गाडीला चढावर तो जाणवायला पुरेसा आहे, आणि रिकामी असताना करंटच थोडा म्हणून जाणवत नाही. काकांची तक्रार जशीच्या तशी जुळते.

वेग घेतल्यावर गाडी गप्प का होते, याचंही उत्तर यातच आहे. ताशी ४० ला विद्युत वारंवारता २७८ हर्ट्झ, तिच्या दुप्पट साडेपाचशेच्या वर. इतक्या भरभर दुरुस्ती करायला कंट्रोलरच्या करंट लूपला (वाचा-तपासा-सुधारा या चक्राला) जमत नाही. मग तो असमतोल जबरदस्तीने घालू शकत नाही, खरे करंट आपोआप समतोलाकडे येतात, आणि उलट वाचनच वाकडं दिसायला हवं. हे खरं असेल तर दोष आलेखात दिसेल, पण वेगात. जॅकवर हळूहळू चाक फिरवताना कधीच नाही. सोमवारी पाहू.

२३ जून, सोमवार

दोन्ही मोजमापं झाली.

घाटात ताशी ३ च्या आसपास, स्कोपला हॉल करंट प्रोब लावून. एकच प्रोब तीनही केबलना पाळीपाळीने लावला. तुलना करायची तर माप एकच हवं, तीन वेगळे प्रोब लावले तर त्यांचाच आपसातला फरक मोजत बसू. साधा क्लँप मीटर इथे टाळला, कारण २० हर्ट्झला त्याचं वाचन भरवशाचं नसतं.

सॉफ्टवेअर म्हणतं : पिवळी १२०, हिरवी १२०, निळी १२० अँपिअर.
प्रोब म्हणतो : पिवळी १२०, हिरवी १४१, निळी १३२.

नंतर बायपासवर सपाटीला ताशी ४०. सॉफ्टवेअरचा आलेख : पिवळी ६०, हिरवी ५३, निळी ५७. कागदावर काढलं होतं त्याच क्रमाने. मुलगा मागे लॅपटॉप धरून बसला होता, आकडे ओरडून सांगताना त्याचा आवाज चढला होता. मलाही गाडी बाजूला घेऊन पुन्हा एकदा स्वतः पाहिल्याशिवाय राहवलं नाही.

वेगातल्या नोंदीची ही युक्ती लाखमोलाची आहे. ज्याच्याकडे महागडा प्रोब नाही अशा गावातल्या गॅरेजवाल्यालाही ती करता येईल. फक्त लॅपटॉप, केबल आणि मोकळा रस्ता हवा.

२४ जून

खात्रीसाठी अदलाबदलीची चाचणी. मोटरच्या तिन्ही केबल एकेक घर पुढे सरकवल्या : पिवळी हिरव्याच्या जागी, हिरवी निळ्याच्या, निळी पिवळ्याच्या. दिशा बदलत नाही, पण रोटरच्या कोनाचा हिशेब १२० अंशांनी बदलतो. म्हणून कंट्रोलरला कोन पुन्हा शिकवावा लागतो, चाकं जमिनीपासून वर ठेवूनच. हे न करता थ्रॉटल दिलं तर गाडी उलटी झेप घेऊ शकते. ज्या कंट्रोलरमध्ये कोन शिकवण्याची सोय नाही त्यावर ही चाचणी करूच नये.

जास्तीचा करंट कंट्रोलरच्या त्याच टर्मिनलवर राहिला, वायंडिंगबरोबर सरकला नाही. मोटर पूर्ण निर्दोष. काकांना फोन करून सांगितलं, "मोटरचा खर्च वाचला." पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही, मग म्हणाले, "भाऊ, आधी जेवा, मग उघडा."

२५ जून

कंट्रोलर उघडला. सेन्सर म्हणजे काळ्या प्लास्टिकचं चौकोनी घर, मधून तांब्याचा बसबार जातो, खाली तीन पिना : ५ व्होल्ट, ग्राउंड, आउटपुट. आत फेराइटचं सी आकाराचं कडं आणि त्याच्या फटीत हॉलची चिप. करंट शून्य असताना आउटपुट २.५ व्होल्ट, पुढे प्रत्येक अँपिअरला ५ मिलिव्होल्ट. ४०० अँपिअरला ४.५, उलट दिशेला ०.५. बोर्डावर हे व्होल्टेज विभागून ३.३ व्होल्टच्या आत आणलेलं, आणि त्याचा आकडा करणारा १२ बिटचा एडीसी. एका अँपिअरला साधारण चार काउंट मिळतात.

शून्याचं वाचन दोन्ही सेन्सरचं अगदी बरोबर : २.४९९ आणि २.५०२. चावी लावताच कंट्रोलर एवढंच तपासतो. गेन शून्याला दिसत नाही. उभ्या गाडीत हा सेन्सर प्रत्येक परीक्षेत पास होणार.

हिरव्याच्या प्लास्टिकला एका कोपऱ्यात बसबार घासल्याची खूण आहे. थिंबल आवळताना मागून दुसऱ्या पान्याने आधार दिला नाही तर बसबार पिळला जातो आणि सेन्सरच्या घरावर रेटतो. तसंच कधीतरी झालं असावं.

२८ जून

टेबलावरची चाचणी. ४०० अँपिअरचा पुरवठा आमच्याकडे नाही, आणि लागतही नाही. सेन्सरच्या भोकातून तारेचे दहा वेढे काढले. ३० अँपिअर सोडले की सेन्सरला ३०० दिसतात. दोन्ही सेन्सर एकाच तारेवर ओवले, म्हणजे दोघांना करंट तोच. तारेच्या वाटेत करंट मोजायला ५० अँपिअरला ७५ मिलिव्होल्टचा शंट, म्हणजे नेमका माहीत असलेला बारीक रोध. ३० ला त्यावर ४५ मिलिव्होल्ट यायला हवेत, आले.

पिवळा : ४.००० व्होल्ट. दिशा उलटी केल्यावर १.००१.
हिरवा : ३.७७५. उलट दिशेला १.२२६.

१.५ व्होल्ट वाढायला हवे तिथे १.२७५. गेन ०.८५. रस्त्यावरचे आकडे आणि टेबलावरचा आकडा एकमेकांना टेकले.

मग हिरव्याचं प्लास्टिक कापून रेझिन उकरलं. फटीच्या बरोबर समोर फेराइट तडकलेलं, आणि तडा साधारण अर्धा मिलिमीटर उघडलेला. मूळ फट ३ मिलिमीटर. चुंबकीय क्षेत्र फटीच्या एकूण लांबीच्या व्यस्त प्रमाणात : ३ भागिले ३.५३, उत्तर ०.८५. मुलाने स्वतः व्हर्निअरने मोजलं आणि स्वतःच भागाकार केला. एडविन हॉलने १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खावर जो परिणाम पाहिला, त्याच्याच चिपसमोर आपण बसलोय, हे त्याला सांगितलं. चिप तशीच धडधाकट होती. समोर आलेलं क्षेत्र तिने बरोबरच मोजलं. तिच्यापर्यंत क्षेत्रच कमी येत होतं.

बाद कंट्रोलरमधून काढलेले सेन्सर शेडमध्ये डबाभर पडले आहेत. त्यातले सगळे याच तारेवर ओवून तपासले. एकाचं शून्य २.५१८ निघालं, म्हणजे साडेतीन अँपिअरची चूक. त्या कंट्रोलरमध्ये मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे स्विच) शॉर्ट झाले होते, प्रचंड करंटने कड्यात चुंबकत्व मागे राहिलं असावं. वेढ्यांतून एसी सोडून हळूहळू कमी करत शून्यावर आणला. सेन्सर २.५०३ वर आला. डबा साफ करताना मिळालेलं हे बोनस ज्ञान.

गेनमध्ये एक टक्क्याच्या आत जुळणारी जोडी निवडून दोन्ही सेन्सर बदलले. एकच बदलला असता तरी चाललं असतं. पण उघडलंच आहे, तर जोडी जुळलेली असणं बरं.

३० जून

जोडून, गोण्या भरून, पुन्हा घाट. प्रोब : १२१, १२२, १२०. ४२ हर्ट्झचं शिखर गोंगाटात बुडालं. काका शेजारी बसले होते. वरच्या वळणापर्यंत काही बोलले नाहीत, मग हात खिडकीबाहेर काढून म्हणाले, "आता ही माझी गाडी वाटते."

२ जुलै

एका ओळखीच्या गॅरेजमधून फोन. त्यांच्याकडे इलेक्ट्रिक चारचाकी आलीय, स्कॅनरवर पी०बीई६ हा एरर कोड दिसतोय. तिकडचं काम मी करणार नाही, पण वाचन कसं करायचं ते सांगितलं, तेच इथे.

पी०बीई५ पासून पी०बीई८ पर्यंतचे चार कोड ड्राइव्ह मोटरच्या यू फेजच्या करंट सेन्सरचे : पाच म्हणजे सर्किटमध्ये दोष, सहा म्हणजे वाचन पटण्याजोगं नाही, सात म्हणजे सिग्नल फार खाली, आठ म्हणजे फार वर. त्याच क्रमाने पुढचे चार व्ही फेजचे, त्यापुढचे चार डब्ल्यूचे. सात आणि आठच्या जातीचे कोड सोपे : तार तुटली, ग्राउंडला किंवा ५ व्होल्टला चिकटली. पी०बीएफडी मात्र मला सगळ्यात आवडणारा कोड. तो म्हणतो की तिन्ही सेन्सरचं आपसात जुळत नाही. तीन फेजला तीन सेन्सर असले तरच ही तपासणी अर्थपूर्ण होते. आमच्या तीनचाकीत तिसरा सेन्सर असता तर गाडी पहिल्याच दिवशी बोलली असती.

त्यांना एक गोष्ट दोनदा सांगितली. चारचाकीत शेकडो व्होल्ट आहेत. नारिंगी केबलला हात लावण्यापूर्वी सर्व्हिस प्लग काढा, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबा, १००० व्होल्टचे हातमोजे घालून डीसी बाजू ६० व्होल्टच्या खाली आल्याचं मीटरने स्वतः पाहा. प्रशिक्षण नसेल तर इन्व्हर्टरचं झाकण उघडूच नका. तिथे सेन्सर सुटा मिळणंही कठीण, बहुतेक वेळा अख्खा इन्व्हर्टरच बदलला जातो. म्हणूनच बदलण्याआधी कनेक्टर, ५ व्होल्टचा पुरवठा आणि १२ व्होल्टची बॅटरी तपासायची.

७ जुलै, सोमवार

दुसरी तीनचाकी, त्याच घडणीची, कंट्रोलर मात्र वेगळा. यात सेन्सरचा छोटा बोर्ड वेगळा आहे आणि कनेक्टरने मुख्य बोर्डाला जोडलेला. चालवणाऱ्या ताईंची तक्रार : "पावसात अर्धा तास चालली की हिसके द्यायला लागते, रिकामी असली तरी. चावी बंद करून परत लावली की बरी होते."

चावी बंद-चालू केल्यावर बरी होते, हे ऐकताच शून्य सरकण्याचा संशय पक्का झाला. चावी लावली की कंट्रोलर करंट शून्य धरून थोडा वेळ सरासरी काढतो आणि तेच शून्य मानतो. त्या क्षणी जेवढी चूक असेल तेवढी वजा होते. मग अर्ध्या तासात ओलावा आणि उष्णता यांनी चूक बदलली की नवी चूक तशीच राहते. रिकाम्या गाडीतही हिसके हा दुसरा पुरावा. गेनची चूक भाराबरोबर वाढते, शून्याची चूक भार असो-नसो तेवढीच.

म्हणून ताईंना सांगितलं, हिसके सुरू झाले की चावी बंद न करता तशीच इथे आणा. आज पाऊस होता, आणली. कंपन २१ हर्ट्झला, म्हणजे विद्युत वारंवारतेइतकंच, दुप्पट नाही. गाडी चालू ठेवून, चाकं वर घेऊन, झाकण काढून सुईच्या प्रोबने मोजलं : मुख्य बोर्डावर ५.०० व्होल्ट, हिरव्या फेजच्या सेन्सरच्या पायावर ४.८६. सेन्सरचं शून्य पुरवठ्याच्या निम्मं असतं, म्हणून २.४३ वर आलेलं. ७० मिलिव्होल्ट, म्हणजे १४ अँपिअर खोटे. एडीसीचा संदर्भ वेगळ्या ३.३ व्होल्टवर, त्यामुळे पुरवठा घसरल्याचं त्याला कळत नाही.

०.१४ व्होल्ट कुठे गेले? सेन्सर १० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे वाटेत १४ ओहम. कनेक्टरच्या त्या पिनेवर काळपट थर, कडेला हिरवट. सततच्या कंपनाने कथिलाचा मुलामा घासला गेला आणि झाकणाचं रबर कडक झाल्याने दमट हवा आत आली. चावी बंद करून गाडी थंड झाल्यावर मोजलं असतं तर कदाचित काहीच सापडलं नसतं.

पिना आणि घर बदललं, रबर बदललं, बोर्डावर ओलावारोधक लेप दिला.

१२ जुलै

या दोन गाड्यांवरून जे उपकरण हवं होतं ते आता ठरलं. नाव ठेवलंय साक्षीदार. उघडून-मिटणारे तीन हॉल सेन्सर, कंट्रोलरच्या बाहेर फेज केबलवर बसणारे. कंट्रोलरशी विद्युत संबंध काहीही नाही. त्यांचा पुरवठा वेगळा, संदर्भ वेगळा, एडीसी वेगळा. कंट्रोलरची कॅन बस (गाडीतल्या भागांची आपसात माहिती पाठवण्याची तार) नुसती ऐकायची, बोलायचं नाही. स्वतःच्या तीन वाचनांची बेरीज सगळ्यात मोठ्या फेजच्या ५ टक्क्यांच्या वर गेली तर आधी साक्षीदारालाच तपासायचं. बेरीज ठीक आणि कंट्रोलरशी जुळत नसेल तर कंट्रोलर.

तिन्ही सेन्सर दहा वेढ्यांच्या तारेवर एकत्र ओवून मापून घेतले. जबड्याच्या तोंडावर धूळ बसली की गेन बदलतो, हे मुद्दाम कागदाचा कपटा अडकवून पाहिलं. ८० ग्रॅमच्या कागदाचा एक थर, तेवढ्यानेही वाचन खाली येतं. त्यामुळे प्रत्येक वेळी तोंड पुसून लावायचं. केबल जबड्याच्या मध्यात हवी, आणि शेजारची फेज बोटभर तरी लांब. केबल वळते तिथे सेन्सर बसवायचा नाही, वळणावर शेजारच्या केबलचं क्षेत्र आत शिरतं.

१९ जुलै, शनिवार

साक्षीदार दोन्ही दुरुस्त गाड्यांवर लावला. काकांची गाडी भरलेली, घाटात : १२३, १२२, १२४, कंट्रोलरचे आकडे प्रत्येकी १२२. ताईंची गाडी भर पावसात तासभर फिरवून : तिन्ही फेजचा डीसी भाग एक अँपिअरच्या आत. डब्यातला तडकलेला सेन्सर एका जुन्या कंट्रोलरवर चढवून पाहिला, साक्षीदाराने ताशी ३ ला पहिल्याच चढावर फरक दाखवला.

मुलाने शेडच्या फलकावर फोन घेणाऱ्यासाठी प्रश्न लिहिले आहेत : थरथर रिकामी असताना की भरल्यावर, हळू असताना की वेगात, पावसानंतर की कायम, चावी बंद-चालू केल्यावर बरी होते का. भरल्यावर आणि हळू असं उत्तर आलं तर सोबत वाळूच्या गोण्या काढून ठेवायच्या. चावीने बरी होते असं उत्तर आलं तर चावी बंद न करता आणायला सांगायचं, आणि सुईचा प्रोब आधीच टेबलावर काढून ठेवायचा.